'पांढरी'वरचा पहारा

मुंबईची गाडी चित्र न्यायला दुपारी येणार होती आणि सकाळपासून घरात मास्तरांवर पहारा बसला होता. पहारा चोरांवर बसतो, कॉपी करणाऱ्या पोरांवर बसतो. तो तर किशनराव मास्तरांनी जन्मभर स्वतःच बसवला होता. पण ज्यानं चित्र काढलं त्यालाच चित्रापासून राखायची पाळी सोनपेठात तरी याआधी कुणावर आली नसावी.

तशी ती मास्तरांनीच आणली होती. गेल्या आठवड्यात थोरला माणिकराव सिमेंटच्या दुकानातून अवचित घरी आला, तर मधल्या खोलीत वडील चित्रासमोर उकिडवे बसलेले, हातात तांबड्या रंगात बुडवलेला ब्रश. "अण्णा!" असा तो ओरडला की ब्रश मास्तरांच्या धोतरावर पडला.

"काय करायलाव तुमी?"

"एक जागा राहिलीय रे. खाली, डाव्या कोपऱ्यात."

"पन्नास वर्षं न्हाई आठवली, अन् आत्ताच आठवली व्हय?"

"पन्नास वर्षांत मागाय कोण आलं होतं?" मास्तर धोतरावरचा डाग निरखत म्हणाले. "आता घरातून चाललंय म्हणून आठवली."

माणिकरावाचं चुकत नव्हतं. आधुनिक आणि समकालीन कलेचा मोठा लिलाव मुंबईत व्हायचा होता, त्याचं जाडजूड पुस्तक छापून झालं होतं, आणि त्यात एका अख्ख्या पानावर किशनराव मास्तरांचं 'पांढरी' होतं. मुंबईच्या चित्रशाळेत शिकलेला, एका गाजलेल्या प्रदर्शनात झळकलेला आणि मग बाप गेला म्हणून गावी परतून शाळेत ड्रॉइंग मास्तर झालेला हा माणूस कुणा अभ्यासकाला जुन्या कात्रणांत सापडला होता. गावी आल्यावर त्यांनी मोठं असं एकच चित्र काढलं, आणि ते कपाटामागं उभं राहून म्हातारं झालं. लिलाववाल्यांनी फोनवर बजावलं होतं: फोटोत आहे तसंच चित्र हवं. फरक दिसला तर लिलावातून काढून घ्यावं लागेल.

मग काय, रंगांची पेटी दुकानात सिमेंटच्या पोत्यांमागं गेली. परभणीहून आलेल्या बबितानं, म्हणजे मास्तरांच्या शिक्षिका लेकीनं, वडिलांचे ब्रश स्वतःच्या पर्समध्ये घातले. आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर धाकटी सून शिवकन्या, मांडीवर भक्तीला घेऊन, बसवण्यात आली. तिचा नवरा गोपाळ गंगाखेडच्या कारखान्यात. उसाचा हंगाम जोरात, त्याला रजा नव्हती. फोनवरून त्यानं एवढंच सांगितलं, "अण्णाच्या बोलण्यात येऊ नको."

शिवकन्येला मात्र हा पहारा गोड लागला होता. लग्न झाल्यापासून तिला कुणी 'नुसती बस' असं काम सांगितलं नव्हतं. पोरगी कुशीत, पाठीला दाराची चौकट, बाहेर रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर धडधडत जाताहेत आणि समोर मातकट, तांबड्या, विटकरी रंगांचे थर. त्यांतून मधोमध उभा चढत गेलेला एक पिवळा उजेड. तो उजेड म्हणजे बाई आहे, झाड आहे की नुसता उजेडच, हे तिला ठरवता येत नव्हतं. भक्तीचंही ठरत नव्हतं. ती त्याच्याकडं बघून हुंकार देई आणि मूठ तोंडात कोंबी.

"शिवकन्या," मास्तर अंगणातून आले, "पानाला चुना पायजे होता जरा."

"मामा, पान मीच लावून देते."

"न्हाई, नुसता चुना दे."

"नुसता चुना कोण खातं, मामा?"

"तुळशीला लावलेला गेरू उरला असंल ना?"

"संपला."

"हळद तरी?"

"मामा!"

म्हातारा खुदकन हसला आणि तिच्याजवळ उंबऱ्यावर टेकला. भक्तीच्या तळव्याला बोट लावून म्हणाला, "तुला सांगतो, कुणाला सांगू नको. लग्नाच्या पहिल्याच साली काढलं हे. रंग वाळायच्या आत तुझ्या सासूला बोलावून दाखवलं. दोन्ही हात पिठानं भरलेले, तशीच आली, बघितलं, अन् काय म्हनली ठाऊक हाय? 'गव्हावर तांबेरा पडल्यावानी दिसतंय.' अन् गेली भाकरी थापायला."

शिवकन्येनं हसू दाबलं.

"हास, हास. पण मला तवाच कळलं, कायतरी राहिलंय. पुरं झालं असतं तर ती दुसरं काय तरी बोलली असती. मुंबईचे लोक वाहवा करतेत, पुस्तकात छापतेत, त्याचं काय? तिला 'बरं हाय' म्हणायला काय राहिलं, ते शोधायलोय इतकी वर्षं. आज गेलं की हातातून गेलं. कुणाच्या तरी भिंतीवर ते अर्धंच टांगून राहणार."

शिवकन्येनं भक्तीला त्यांच्या मांडीवर दिलं. नातीला घेतलं की मास्तरांचे दोन्ही हात गुंततात, हे तिला ठाऊक होतं. पहारा तो पहारा.

तोवर बायका यायला लागल्या. वर्तमानपत्रात बातमी आल्यापासून गल्लीतल्या बायका रोजच येत, पण आज शेवटचा दिवस, म्हणून शेजारच्या गल्ल्यांतल्याही आल्या. मनकर्णाबाई, मास्तरांच्या मंडळी, चहाचं भगुनं चुलीवरून उतरवत नव्हत्या. जी येई ती दारातून डोकावे, मान डावीकडं करी, उजवीकडं करी.

"लय मोठं चित्र काढलंय की मास्तरांनी!"

"कशाचं मोठं?" मनकर्णाबाई कप पुढं करत. "दोन पोती शेण-माती फासलीय. च्या घ्या."

"अवो पण रंग कसा डोळ्यात भरायलाय! नजर निघंना बघा."

"निघंना तर माझ्याकडं बघा. च्या थंड व्हायलाय."

समोरच्या हरिओमची बायको तर पदर तोंडाला लावून किती तरी वेळ टक लावून उभी राहिली. "देखणं हाय वो मामी," असं म्हणून तिनं उसासा सोडला, तसा मनकर्णाबाईंनी तिचा दंड धरून तिला अंगणात आणलं आणि हातात निवडायला मेथीची जुडी दिली.

खाटेवर पाय वर घेऊन बसलेली बबिता पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचत होती. इंग्रजीतलं वाचायचं आणि मराठीत सांगायचं, हा तिचा दोन दिवसांचा उद्योग. "ऐका अण्णा, काय लिहिलंय. चित्राचं नाव 'पांढरी' असूनही चित्रात पांढरा रंग कुठंच नाही. अनुपस्थित शुभ्रतेचा हा शोक, ही चित्रकाराची बंडखोरी."

"कशाचा शोक?"

"अनुपस्थित शुभ्रतेचा."

मास्तरांनी भक्तीकडं बघितलं. "अगं, रानाला काळी म्हणतेत अन् वस्तीच्या जागेला पांढरी. घरं, गल्ल्या, माणसं. पांढरी म्हंजी आपलं गाव. त्यात रंगाचा काय संबंध?"

"तुम्ही फोनवर सांगायचं ना तसं!"

"त्यांनी इचारलं न्हाई. त्यांना शोक पायजे होता, त्यांनी घेतला."

भक्ती किरकिरायला लागली. शिवकन्या तिला घेऊन पाजायला आतल्या खोलीत गेली. पोरगी पिता पिता झोपली. झोपलेल्या ओठांचं चोखणं थांबेपर्यंत शिवकन्या तशीच बसून राहिली, कारण ते थांबायच्या आत उठलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. परत आली तेव्हा उंबरा मोकळा होता आणि मधल्या खोलीतून सासूबाई केरसुणी घेऊन बाहेर पडत होत्या.

"झाडून घेतलं जरा," त्या म्हणाल्या आणि चुलीकडं गेल्या.

तेवढ्यात माणिकराव आला. गाडी परळीच्या पुढं आल्याचा फोन आला होता. तो शेवटचं बघून घ्यावं म्हणून खोलीत गेला आणि जी बोंब ठोकली, ती ऐकून अंगणातल्या मेथीच्या काड्या उडाल्या.

चित्राच्या उजव्या बाजूला, वर, पिवळ्या उजेडाच्या कडेला, शेंगदाण्याएवढा एक काळा ठिपका होता.

"अण्णा! केलाच का घात?"

"मी काय केलं?" मास्तर लगबगीनं आले. चष्मा पुसला, लावला, वाकले. ठिपका बघितला. आणि शिवकन्येनं बघितलं, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं आणि मग, वर्गात फळ्यावर कुणी तरी मास्तरांचं व्यंगचित्र काढावं अन् ते मास्तरांनाच आवडावं, तसं काही तरी आलं.

"मीच लावला," ते म्हणाले.

"कशानं? ब्रश माझ्याकडं!" बबिता पर्स हलवून म्हणाली.

"कलाकाराला ब्रश लागतो व्हय?"

"माझ्या दुकानात पेटी!" माणिकराव म्हणाला.

"तुझ्या दुकानात सिमेंट. आता एक लागलाच हाय, तर तो कोपरा बी करू द्या."

भाऊ-बहीण एकमेकांवर घसरले. तू सकाळी चहाला बाहेर का गेलास, तू पुस्तक वाचत का बसलीस, आणि मग दोघं मिळून उंबऱ्यावरच्या पहाऱ्यावर. शिवकन्या ठिपका बघत होती. मास्तरांना हवा होता डावीकडचा खालचा कोपरा. ठिपका उजवीकडं वर. ती जरा पुढं झाली. ठिपक्याला तुपाचा वास होता. तो वास तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी तिच्या पोरीच्या गालाला तोच येई. तिनं मान वळवली. चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी उजवा हात पदरात घेतला होता आणि त्या डाव्या हातानं भाकरी उलटत होत्या.

दोघींची नजर मिळाली. सासूबाईंनी भुवई जरा वर केली. शिवकन्येनं डोळे खाली घातले. एवढ्यावर दोघींचं ठरलं.

दारात गाडी थांबली.

"शुद्ध बोला सगळे," बबिता कुजबुजली. तिनं खांद्यावरची शाल ओढली आणि ठिपका झाकेल अशी चित्राच्या वरच्या कडेला पांघरली. माणिकरावानं देवळीतला नारळ उचलून समोर ठेवला. चित्राचा सत्कारच झाला.

उतरली ती तिशीची एक मुलगी, शुभदा तिचं नाव. लिलावगृहाकडून आलेली, सोबत लाकडी खोका आणि तो धरायला दोन माणसं.

"आपण प्रवासाने अत्यंत दमला असाल," माणिकराव म्हणाला. त्याच्या तोंडून असं वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मनकर्णाबाईंनी वळून बघितलं, आणखी कोण आलं म्हणून.

"नाही, ठीक आहे. ही शाल काढते हं."

"असू द्या ना. निरोपाची आहे," बबिता म्हणाली.

"फोटोशी ताडून बघावं लागतं, ताई." शाल निघाली. शुभदानं बॅटरी लावली, पुस्तकातलं पान शेजारी धरलं आणि ती थबकली. "हे काय?"

"लेकरानं!" माणिकरावाच्या तोंडून निघून गेलं. "लहान लेकरू आहे घरात. बोट लागलं त्याचं."

तिथं मात्र शिवकन्येला राहवलं नाही. आजवर ती थोरल्या दिरापुढं मान वर करून बोलली नव्हती. "भाऊजी, माझी पोरगी अजून रांगत बी न्हाई. ती तिथवर उडत गेली का? तिच्या नावावर नका घालू."

"मीच लावला," मास्तर पुन्हा म्हणाले. "काळा रंग."

शुभदानं नाक जवळ नेलं. बॅटरी विझवली. "मास्तर, तुमच्या रंगाला साजूक तुपाचा वास येतो?" आणि मग ती एकदम हसली, आणि मुंबईची भाषा तिच्या तोंडातून गळूनच पडली. "अवो, ही तर तीट हाय! काजळाची तीट! माझी आज्जी देवगाव फाट्याची. मी लिलावाला निघाले तरी अजून कानामागं लावती. कुणी लावली?"

मास्तरांनी चष्मा काढला.

"तीट?" ते म्हणाले. ते सावकाश चुलीकडं वळले. "माणिकची माय?"

मनकर्णाबाईंनी पदरातून हात काढला. बोटाचं टोक काळं होतं. "मी लावली. काय झालं मग? चार दिवस झाले, गल्ली टकामका बघून चाललीय. ती हरिओमची तर पापणी बी लववंना. आता मुंबईला जाणार, तिथं परके लोक डोळे फाडून बघणार. एवढा लांबचा परवास. दिष्ट लागत न्हाई का?"

"माय, चित्राला कुठं दिष्ट लागती?" माणिकराव रडकुंडीला आला होता.

"भक्तीला लागती, दुभत्या म्हशीला लागती, ह्याला का लागायची न्हाई?"

"पण तू तर तांबेरा म्हणायचीस!" बबिता म्हणाली. "शेण-माती म्हणायचीस. आत्ता, सकाळीच म्हणालीस!"

मनकर्णाबाईंनी लेकीकडं अशी नजर टाकली की, हिला शिकवून काय उपयोग झाला.

"मग? आपल्या देखण्या लेकराला लोकाम्होरं देखणं म्हनत असतेत का?"

तव्यावरची भाकरी करपली, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही. मास्तर खाली बसले. बसायला पाट आहे की नाही हेही त्यांनी बघितलं नाही.

"मी एकटाच होतो गं तवा," ते हळू म्हणाले. "लोक कुठं होते?"

"रंग वला होता. वल्यावर दिष्ट लवकर लागती."

शुभदा म्हणाली, "काळजी नका करू. कापसाच्या बोळ्यानं निघंल. खाली काही राहणार नाही."

"हात लावू नका," मास्तर म्हणाले.

"अण्णा!"

"जाईल तर असंच जाईल. न्हाई तर न्हाई."

"अण्णा, डोळ्यादेखत..." माणिकराव बोलायला लागला, पण बबितानं त्याला अडवलं. सकाळपासून पर्समध्ये धरलेले ब्रश तिनं काढून वडिलांच्या मांडीवर ठेवले. "नसेल जायचं तर राहील घरात," ती म्हणाली, आणि माणिकराव एकटा पडला. मग त्यानं आईचा पदर धरला. "माय, तू तरी सांग."

"पुसा की, बाई," मनकर्णाबाई शुभदाला म्हणाल्या. "गाडीत बसवताना मीठ-मिरची उतरून टाकीन वरून. ह्यांचं काय ऐकता? एवढी वर्षं अंधारात उभं होतं ते, जाऊ द्या त्याला."

"पुसायचं न्हाई."

"येडेपणा करू नका."

"तू लावलीस. आता ती माझी हाय."

शुभदा फोन घेऊन अंगणात गेली. तिची येरझार दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. माणिकराव देव्हाऱ्याकडं तोंड करून उभा राहिला. शिवकन्येनं जागी झालेल्या भक्तीला आणलं. काजळाची डबी पोरीच्या उशाशी उघडीच होती, आणि त्यात सासूबाईंच्या बोटाचा खळगा होता. तिनं झाकण लावलं. ह्या बाईनं भक्तीला जन्मल्यापासून रोज 'काळुंद्री' म्हटलं होतं. एकदा तर शिवकन्या त्यावरून मोरीत जाऊन रडली होती.

शुभदा आत आली. "साहेब म्हणाले, चित्रकार हयात आहे. हा ठिपका चित्राचाच आहे असं तो तोंडानं म्हणत असेल तर पुसणारे आपण कोण? नवा फोटो घेऊ, सगळ्यांना कळवू. पण मास्तर, खरं सांगायचं. तुम्ही लावलेला नाही."

"हात माझा न्हाई," मास्तर म्हणाले. "चित्र माझं, अन् ठिपका चित्राचा. एक जागा राहिलीय म्हणत होतो, ती हीच."

"तुम्हाला तर डावा कोपरा पायजे होता. तांबडा," माणिकराव पुटपुटला.

"तांबडा चुकला असता. कोपरा बी चुकला असता. आडवला म्हणून तुझे उपकार हायेत." मास्तर आता खुलले होते. "जिवंत असल्याचा असा फायदा होईल वाटलं नव्हतं."

"माध्यम काय लिहू?" शुभदा म्हणाली. "आज्जी, काजळ घरचं का इकतचं?"

"इकतचं लेकराच्या डोळ्यात घालतं का कुणी? तुपाची वात, वर तांब्याचं ताट."

"तैलरंग आणि घरचं काजळ," शुभदानं मोठ्यानं म्हटलं. बबितानं त्याचं इंग्रजी करून बघितलं आणि ते तिला भलतंच आवडलं.

चित्र मऊ कापडात गुंडाळून खोक्यात बसलं. मनकर्णाबाईंनी मीठ-मिरची खरंच उतरली. दोन्ही माणसं खोका धरून मुकाट उभी राहिली. गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं दिसेनाशी झाली. रिकाम्या मधल्या खोलीत मास्तर बायकोजवळ आले. शिवकन्या दारातच होती, पण आता तिला कुणी पहारा म्हणून मोजत नव्हतं.

"एक इचारू का?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज नव्या नवरदेवासारखा झाला होता. "शाळेच्या भिंतीवर मी शिवारातले पक्षी काढले होते. त्याला तू राडा म्हनली होतीस. ते बी, म्हंजी... लोकाम्होरंच ना?"

मनकर्णाबाईंनी बोटावरचं काजळ पदराच्या आतल्या टोकाला पुसलं. जरा आठवल्यासारखं केलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तो राडाच होता."